क्लोज-अपमध्ये मागचं स्वच्छ कसं आणायचं? (एडिटिंग कमीत कमी ठेवून)

अनेरकाठ, शिरपूर

राम राम मंडळी. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत आपल्याकडे किड्या-फुलपाखरांचे फोटो भरपूर येतात. बऱ्याच फोटोंत किडा छान टिपलेला असतो आणि मागे काड्या-पानांचा पसारा. मग प्रश्न येतो, बॅकग्राउंड ब्लर करायला कोणतं ॲप घेऊ? या धाग्यात ॲप नको. मागचं स्वच्छ येणं हे शटर दाबायच्या आधी ठरतं, आणि ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) किती उघडलं यापेक्षा आपण कुठे बसलोय यावर जास्त ठरतं. हिशोबच मांडतो.

१०० मिमी मॅक्रो लेन्स, फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सर), १:२ मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवर किडा प्रत्यक्षाच्या निम्मा. चौकटीत ७ सेंमी रुंदी मावते, म्हणजे मध्यम आकाराचं फुलपाखरू. लेन्सपासून ते साधारण ३० सेंमीवर. एफ/८ ला छिद्राचा व्यास १०० भागिले ८, म्हणजे १२.५ मिमी. आता मागची काडी धूसर होऊन किती पसरते ते फुलपाखराच्या जागी मोजू. काडी १० सेंमी मागे असेल तर ३ मिमी, ३० सेंमी मागे असेल तर ६ मिमी, १ मीटर मागे साडेनऊ मिमी, ३ मीटर मागे साडेअकरा. कितीही लांब नेली तरी साडेबाराच्या वर जात नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मागे १ मीटर मोकळं मिळालं की बहुतेक काम झालं. त्यापुढच्या अंतराने फार फरक पडत नाही. दुसरी, १० सेंमी मागची काडी घालवायला एफ/८ चं एफ/४ केलं तर ती ६ मिमी पसरेल, पण फोकसची खोली (जेवढ्या जाडीत सगळं शार्प येतं ती) ३ मिमीवरून दीड मिमीवर येईल. डोळा शार्प, पंखाची कड गेली. तेवढीच ६ मिमीची धूसरता एफ/८ वर ठेवूनही मिळते, फक्त मागची काडी १० ऐवजी ३० सेंमीवर असेल असा किडा किंवा असा कोन निवडायचा.

कोन बदलायला फार हलावं लागत नाही. किडा चौकटीच्या मध्यात धरून कॅमेरा ५ सेंमी डावीकडे सरकवला तर १ मीटर मागची पार्श्वभूमी १६-१७ सेंमी सरकते. हातभर जागेत चार-पाच वेगवेगळे बॅकग्राउंड मिळतात. किडा दिसला की आधी त्याच्या मागचं बघा, जागा ठरवा, मग फोकस.

ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. स्थळ, आकडे, काय बिघडतं ते सगळं चालेल.

काळी_माती, चोपडा

अण्णा, चांगला विषय काढलात. यात फोकल लेंथचा मुद्दा जोडतो, कारण तो बरेचदा उलटा समजला जातो. किडा चौकटीत तेवढाच मोठा ठेवला आणि ॲपर्चर तेच ठेवलं, तर ५० मिमी असो की २०० मिमी, फोकसची खोली जवळपास सारखीच राहते. फरक पडतो तो मागचा किती भाग चौकटीत शिरतो यात. तुमच्याच उदाहरणात १ मीटर मागे ५० मिमीला ५५ सेंमी रुंद जागा स्वच्छ लागते, १०० मिमीला ३१ सेंमी आणि २०० मिमीला फक्त १९ सेंमी. शेताच्या बांधावर ५५ सेंमी सलग एका रंगाची जागा मिळणं अवघड, १९ सेंमी सहज मिळते. रुईच्या झुडपावर प्लेन टायगर फुलपाखरू बसलं असेल तर लांब लेन्सने दोन फांद्यांच्या फटीतून मागचं शेत तेवढंच उचलता येतं.

नवा_लेन्सवाला, पारोळा

माझ्याकडे क्रॉप सेन्सर बॉडी, १८-५५ आणि ५५-२५०. मॅक्रो लेन्स घ्यायची नाही सध्या. ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) घेऊ की क्लोज-अप लेन्स (लेन्सच्या तोंडावर लावायची काच)?

काळी_माती, चोपडा

५५-२५० साठी क्लोज-अप लेन्स घे भाऊ. ट्यूबचा उपयोग लहान फोकल लेंथला जास्त. ३६ मिमीची ट्यूब ५० मिमी लेन्सला ०.७ मॅग्निफिकेशन वाढवते, २५० मिमीला जेमतेम ०.१४. आणि ५० मिमीवर ट्यूब लावली की किडा लेन्सच्या अगदी तोंडाशी येतो, मागची जागाही रुंद होते.

क्लोज-अप लेन्समध्ये मॅग्निफिकेशनचं गणित सोपं आहे. लेन्स अनंतावर फोकस करायची आणि तिची फोकल लेंथ भागिले क्लोज-अप काचेची फोकल लेंथ. +२ डायॉप्टरची काच म्हणजे फोकल लेंथ १००० भागिले २, ५०० मिमी. २५० वर झूम केलं की ०.५, किड्यापासून अंतर अर्धा मीटर. फुलपाखरं, चतुर, नाकतोडे यांना हेच योग्य. रेनॉक्स डीसीआर-१५० ही +४.८ ची, अंतर २० सेंमी, २५० वर १.२ मॅग्निफिकेशन. डीसीआर-२५० +८ ची, अंतर साडेबारा सेंमी, मॅग्निफिकेशन २. त्या कोळी-मुंग्यांसाठी ठेव. रेनॉक्स लावून झूम फार मागे आणलं की कोपरे काळे पडतात.

एक सांभाळ. +१, +२, +४, +१० असा स्वस्त सेट मिळतो तो एकेरी काचेचा असतो. काळ्या-पांढऱ्या कडांना जांभळी किनार येते आणि साध्या बॅकग्राउंडवर ती लगेच दिसते. दुहेरी काचेची, ॲक्रोमॅट लिहिलेलीच घे. ५५-२५० ला ५८ मिमीचे आटे असतात, पण तुझ्या लेन्सच्या तोंडावर लिहिलेला आकडा बघूनच मागव.

हतनूर_काठ, भुसावळ

पाण्याकाठच्या टाचण्या (चतुरासारखेच पण बारीक अंगाचे किडे) आणि चतुरांबद्दल लिहिते. उभं राहून खाली बघत फोटो काढला की मागे पाणी येतं आणि ते काडीच्या ३०-४० सेंमी खालीच असतं. त्यावरचं शेवाळ, तरंगणारा कचरा, तरंगांची चकाकी सगळं अर्धवट दिसतं. गुडघ्यावर बसलं, लेन्स किड्याच्या पातळीला आणली, की मागे एकदम पलीकडचा काठ येतो, कित्येक मीटर लांब. निव्वळ हिरवा किंवा खाकी रंग राहतो.

यात काठ आणि पाणी यांची सीमारेषा नडते. ती कितीही धूसर झाली तरी आडवा पट्टा म्हणून उरते आणि नेमकी टाचणीच्या डोक्यातून जाते. लेन्स २-३ सेंमी वर-खाली करून पट्टा एकतर पूर्ण चौकटीबाहेर घालवा, नाहीतर शरीराच्या बराच खाली ठेवा.

टाचणीचं शरीर ३-४ सेंमी लांब पण काडीएवढं जाड. सेन्सर शरीराला समांतर धरला तर एफ/८ ची खोली पुरते. तिरकं धरलं तर एफ/१६ लाही शेपूट जातं, शिवाय मागचं सगळं उठून येतं.

आणखी एक. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून दिसतं ते पूर्ण उघड्या ॲपर्चरचं, एफ/२.८ किंवा एफ/४ चं. फोटो येतो एफ/११ चा. डोळ्याला स्वच्छ दिसलेलं मागचं फोटोत काड्यांनी भरलेलं निघतं ते यामुळे. माऊंटजवळ डेप्थ ऑफ फील्डचं बटण असतं, ते दाबून बघायची सवय लावा. चित्र अंधारतं, पण मागच्या काड्यांच्या कडा ओळखू येतात.

केळीबाग, रावेर

केळीच्या बागेत स्वच्छ हिरवं फुकट मिळतं असं वाटतं, पण तिथे तीन अडचणी आहेत.

पहिली, पानाची चकाकी. वरून ऊन पडलेलं केळीचं पान आरशासारखं चमकतं, फोटोत पांढरे डाग येतात. पोलरायझर फिल्टर फिरवून चकाकी बरीच जाते, मात्र दीड ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). त्यापेक्षा सूर्य पानाच्या मागे येईल असं बसा. पान आतून उजळतं, रंग सलग येतो.

दुसरी, शिरा. पानावरच्या समांतर शिरा १५-२० सेंमीवर असताना पट्टे होऊन दिसतात. पान किड्यापासून ५०-६० सेंमी लांब असू द्या, आणि मधला दांडा चौकटीत येऊ देऊ नका, तो फिकट असल्यामुळे जाड पांढरी रेघ होते.

तिसरी, रंग. बागेत आत उजेड पानांतून गाळून येतो, त्यामुळे किडाही हिरवट होतो. ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फोटोत वेगळा निघतो. आत शिरल्यावर किड्याच्या जागी ग्रे कार्ड धरून एक फोटो घ्या, त्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स ठेवा.

सगळ्यात चांगली जागा बागेची कड. किडा कडेच्या गवतावर, त्याच्यावर मोकळा उजेड, आणि मागे दोन-तीन मीटरवर बागेची सावली. गर्द हिरवं, एकसारखं.

काळी_माती, चोपडा

नावाला जागून मातीबद्दल लिहितो. आपल्या काळ्या मातीसारखं बॅकग्राउंड नाही. कपाशीच्या नाहीतर ज्वारीच्या धांड्यावर किडा, मागे दीड-दोन मीटरवर मोकळं रान. किडा उन्हात असला की गडद तपकिरी मखमली रंग येतो आणि फ्लॅशची गरज नाही. नुसती नांगरट झालेलं रान मात्र टाळा. ढेकळांच्या कडांवर ऊन पडून ठिपके-ठिपके येतात. वखरणी झालेलं, सपाट रान हवं. पाऊस पडून गेल्यावर माती जास्त काळी होते, पण साचलेल्या पाण्यात आकाश दिसतं, तेवढं बघून बसा.

मीटरिंगमध्ये फसू नका. चौकटीत गडद भाग जास्त असला की कॅमेरा एक्सपोजर वाढवतो, किड्याचे पिवळे-पांढरे भाग जळतात. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन -०.७ ते -१.३ ठेवा. पावसाळी पांढऱ्या आकाशासमोर उलट, +१ ते +१.७, नाहीतर मागचं राखाडी आणि किडा काळा.

ऊन चढल्यावर साधी काळी छत्री कामाची. सोबत्याला किड्याच्या मागे उभं करा आणि छत्रीची सावली मागच्या झुडपावर पाडा. किड्यावर ऊन तसंच राहू द्या. ऊन आणि सावली यात दोन-तीन स्टॉपचा फरक असतो, तेवढ्याने मागचा सगळा पसारा दबतो. सावली किड्यावरून फिरवू नका, तो उडेल.

मेहरूण_सकाळ, जळगाव

फ्लॅशबद्दल कोणीच लिहिलं नाही. फ्लॅशने सरळ काळं बॅकग्राउंड मिळतं, त्यात काय वाईट?

अनेरकाठ, शिरपूर

रातकिड्याला, पतंगाला काळं शोभतं. दिवसा फुलावर बसलेल्या फुलपाखरामागे मिट्ट काळं आलं की ते रान राहत नाही, आणि काळ्या मिशा, काळे पाय त्यात हरवतात. हे माझं मत, पण काळं का होतं ते समजून घेतलं तर हवं तेव्हा करता येतं आणि नको तेव्हा टाळता येतं.

फ्लॅशचा डिफ्युजर किड्यापासून १५ सेंमीवर आहे आणि मागचं झुडूप किड्याच्या १ मीटर मागे. तिथे उजेड पोचतो साठाव्या हिश्शाएवढा, जवळजवळ सहा स्टॉप कमी. १/२०० सेकंद, एफ/११, आयएसओ १०० ठेवलं तर सावलीतल्या झुडपावर नैसर्गिक उजेडाचंही फारसं काही उरत नाही, म्हणून काळं. उपाय दोन. एक, नैसर्गिक उजेड आत घ्या. आयएसओ ४०० ते ८००, शटर १/८० च्या आसपास. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा, मागचं साधारण एक स्टॉप कमी दिसेल इतकं जुळवा, मग फ्लॅश चालू करून किड्यापुरतं भरा. वारं असेल तर १/८० ला पुसट दुहेरी कड येते, तेव्हा शटर १/१६० करून आयएसओ वाढवा. दोन, मागचं जवळ आणा. किड्यामागे १० सेंमीवर पान असेल तर ते फक्त दीड स्टॉप कमी उजळतं.

उडी मारणाऱ्या कोळ्यांना दुसरा उपाय. ५-८ मिमीचा जीव, १:१ च्या वर जावं लागतं, खोली एफ/८ ला १ मिमी. कोळी पानाच्या मधोमध असेल तर मागे तेच पान येतं आणि निम्मं पान शार्प, निम्मं धूसर. तो पानाच्या कडेला येईपर्यंत थांबा. ते कडेला येऊन डोकावतातच. तोवर मागे १०-१२ सेंमीवर दुसरं पान आधीच चिमट्याने धरून ठेवलेलं असू द्या.

तोरणमाळ_वाट, शहादा

चिमट्याचा विषय निघालाच आहे तर. मधे येणारी काडी तोडू नका, वाकवा. कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे हातभर सुतळीच्या दोन टोकांना बांधा. एका चिमट्यात नडणारं गवत, दुसरा शेजारच्या फांदीला. फोटो झाला की सोडून द्या, गवत उभं राहतं. तोडलेल्या काडीचा तुटका पांढरा बुंधा फोटोत आणखी वाईट दिसतो, हेही आहेच. यावल, अनेर, पाटणादेवीकडे अभयारण्याची हद्द आहे, तिथे काही तोडण्याचा प्रश्नच येत नाही.

ट्रायपॉडऐवजी जुन्या जीन्सचा पाय शिवून केलेली पिशवी, आत दीड किलो ज्वारी. जमिनीलगत लेन्स टेकवायला याहून चांगलं काही नाही.

छापील बॅकग्राउंड वापरणारे आहेत, त्यांच्यासाठी: ए३ आकाराचा मॅट कागद, ग्लॉसी अजिबात नको. त्यावर मुद्दाम फोकस घालवून काढलेला हिरव्या झाडीचा फोटो छापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि ३०-४० सेंमी मागे धरायचा. किड्यावर ऊन आणि कागदावर सावली असली की खोटेपणा लगेच कळतो, दोन्हीवर सारखाच उजेड हवा. मॅट ब्लाउज पीसही चालतात, मेंदी आणि खाकी रंग उत्तम, चकचकीत साटीन नको.

हतनूर_काठ, भुसावळ

दादा, कागद धरणं मला मान्य नाही. फोटोखाली तसं लिहिलं तर एक वेळ ठीक. किड्याच्या मागे अचानक पांढरा-हिरवा पुठ्ठा आला की तो पंख मिटतो, अंग चोरतो, आणि अनुभवी माणसाला ते फोटोत दिसतं. किडे फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणं, गोंदाने चिकटवणं, हे तर या धाग्यात कोणी सुचवूही नये.

त्याऐवजी वेळ पाळा. कार्तिक-मार्गशीर्षात सूर्य उगवताना चतुर, फुलपाखरं गारठून दवात बसलेली असतात, अंगात ऊब येईपर्यंत हलत नाहीत. वाराही पडलेला असतो. तेव्हा एफ/५.६, १/१५ सेकंद, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर चालतो. अंतर, कोन, पट्टा सगळं निवांत जुळवता येतं. आठ-साडेआठनंतर ते सुख नाही.

तोरणमाळ_वाट, शहादा

ताई, जिवंत किड्यामागे कागद नको हे पटतं. मी तो फुलांना, शेंगांना, कवकांना धरून लिहिला होता, स्पष्ट करायला हवं होतं.

नवा_लेन्सवाला, पारोळा

मोबाईलवाल्यांचं काय? घरात बहिणीकडे फक्त फोन आहे.

मेहरूण_सकाळ, जळगाव

फोनचा मॅक्रो मोड बहुतेक वेळा अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर चालतो. त्यात किडा ३-४ सेंमीवर आणि मागे अख्खं शेत येतं, म्हणून पसारा. मॅक्रो मोड बंद करून २एक्स किंवा ३एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा आणि वर क्लिपची क्लोज-अप काच लावा. पोर्ट्रेट मोडने मिशा आणि पायांची टोकं कापली जातात, किड्यांना वापरू नका. फोनवर आकाश आणि सावलीतली भिंत ही दोन बॅकग्राउंड सर्वांत सोपी. किड्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, मग एक्सपोजर थोडं खाली ओढा.

केळीबाग, रावेर

शेवटी एडिटिंगचं. मागचं नीट आलं असेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर आणि थोडा क्रॉप, एवढंच उरतं. एखादा चमकता ठिपका हील ब्रशने घालवायला माझी हरकत नाही. काडी पुसणं मात्र नको, कारण तिथून हळूहळू सगळंच पुसलं जातं.

साध्या बॅकग्राउंडचे दोन त्रास आधी माहीत असू द्या. सेन्सरवरची धूळ काड्यांच्या पसाऱ्यात लपते, सलग हिरव्यावर राखाडी गोल डाग होऊन दिसते. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात लेन्स बदलली की धूळ आत गेलीच. एफ/१६ ला, फोकस घालवून, आकाशाचा एक फोटो काढा आणि १०० टक्के मोठा करून बघा. डाग दिसले तर कॅमेरा तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण चिकटतात. दुसरं, जेपीईजीत गुळगुळीत रंगछटा ताणल्या की पायऱ्या पडतात, म्हणून रॉ. आणि शार्पनिंग मास्क करून फक्त किड्यावर द्या, नाहीतर मागच्या मऊ भागात दाणे उठतात.

गिरणाथडी, भडगाव

भारी शे भो! हाई बठ्ठं लिखी ठेवस. एक विचारायचं होतं, मृगाच्या किड्याचं कसं करायचं? तो जमिनीवरच असतो, मागे मातीच येते.

अनेरकाठ, शिरपूर

भाऊ, त्याला सपाट जमिनीवर घेऊ नका. तो ढेकळावर किंवा बांधाच्या उतारावर चढेल त्याची वाट बघा. तुम्ही अशा बाजूला पडा की त्याच्या मागची जमीन खाली उतरत जाईल. तो ४-५ सेंमी उंच ढेकळावर असला आणि लेन्स त्याच्याच पातळीला असली तर मागची पहिली माती लांब जाते, पट्टा दिसत नाही.

मोठ्या लेन्सची अडचण ही की तिचा व्यासच ७-८ सेंमीचा, जमिनीला टेकवली तरी मधली काच ४ सेंमी वर राहते आणि नजर खाली झुकते. तिथे फोन सरस ठरतो. फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खालच्या कडेला येऊन जवळजवळ मातीला टेकतो.

रंगाची काळजी घ्या. हा लाल इतका गडद असतो की लाल चॅनल भरून जातो आणि अंगावरची मखमल जाऊन नुसता लाल गोळा उरतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, म्हणून लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, लाल रेघ उजव्या भिंतीला टेकत असेल तर -०.७ वर या. ओल्या मातीवर सावलीत घेतला तर मागचं आपोआप गडद येतं. आणि त्याला उचलून ढेकळावर ठेवू नका, हात लागला की तो पाय आखडून पडून राहतो.